उलट्या चाकाची नाव

अख्ख्या ग्वाल्हेरात शिडाच्या नावेला मोटारीचं चाक बसवलेला मिस्त्री मी एकटाच. ते चाक उलटं बसवलेला मिस्त्रीसुद्धा मीच, त्यामुळे पहिल्या मानाचा फारसा उपयोग झाला नाही.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, की आमच्याकडे वारा पालटतो. पावसाळाभर पुरवाई असते, पूर्वेकडची, ओली, जड, अंगाला चिकटणारी. मग क्वारातल्या, म्हणजे आश्विनातल्या, एका सकाळी गच्चीवर जावं तर दोरीवरचे कपडे दुसऱ्याच बाजूला उडत असतात. पछवा सुटलेला असतो. पश्चिमेचा, कोरडा. ओठ फुटतात, पापड पटकन वाळतात आणि दारं आपोआप आपटतात. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घराला दारं फार. मुलानं हौसेनं बांधलं, हवा खेळती पाहिजे म्हणाला. आता हवा खेळते आणि आम्ही दारं धरत फिरतो.

मी तर फिरतोच. या खोलीतून त्या खोलीत, तिथून गच्चीवर, गच्चीवरून खाली. चहा मागतो, चहा येईपर्यंत अंगणात जातो. बायको म्हणते, "अहो, बसा ना एका जागी. दरवर्षी याच दिवसांत काय चावतं तुमच्या पायाला?"

काय चावतं ते तिला माहीत आहे. लग्न झाल्यापासून ऐकून राहिली आहे बिचारी. तरी विचारते, आणि मी तरी पुन्हा सांगतो. अशानंच संसार टिकतो बहुतेक.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकवाले आले, म्हणाले, काका, जुन्या काळचं काही लिहून द्या. मी म्हटलं, बाबांनो, माझी शाळा तिसरीत संपली. मास्तरांनी वडलांना बोलावून सांगितलं होतं, "याला घरी ठेवा, दोघांचाही वेळ वाचेल." तरी म्हणे द्या. मग देतो. बोलतो तसंच लिहितो. ऱ्हस्वदीर्घ सूनबाई बघणार आहे. गप्पा माझ्या, चुका तिच्या.

आम्ही मूळचे दख्खनचे. पणजोबांच्या हातात तलवार होती, आजोबांच्या हातात घोड्याचा लगाम, वडलांच्या हातात घोड्याची नाल, माझ्या हातात पाना. म्हणजे घराणं पायरी पायरीनं खालीच उतरत आलं, पण पानाच जरा कामाचा निघाला. रियासतीच्या मोटारखान्यात मी लागलो तेव्हा रियासत असायला थोडेच दिवस राहिले होते. मी हात लावला की वस्तू बंद पडते ते तेव्हापासून.

रियासत गेली, मध्यभारत झाला. मोटारखाना एका सरकारी खात्यात गेला, आम्हीही त्याच्याबरोबर गेलो, जसं कपाट गेलं की त्यातली झुरळं जातात. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दरवर्षी फायली ट्रकवर चढायच्या, ट्रकवरून उतरायच्या. आमच्या खात्याचे हेडक्लार्क अण्णा, दरबारी घराण्यातले, बोलणं अगदी मोजकं, एकदा म्हणाले, "दत्तू, माझा चश्मा इंदूरला, तपकिरीची डबी ग्वाल्हेरला, आणि मी कुठे आहे ते वरिष्ठांना विचारावं लागेल."

आणि ज्या सालचं सांगतो त्या साली तर मध्यभारतही मोडायचा होता. मोठं नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. कोण भोपाळला जाणार, कोण इथे राहणार, कोण घरी जाणार, त्याची यादी होऊन राहिली होती. जो तो दुसऱ्याला विचारायचा, यादी आली का? चहाच्या टपरीवर यादी, न्हाव्याकडे यादी. माणसं उभ्यानं जेवायची. शेजारच्या एका बाबूनं सामान बांधून ठेवलं होतं आणि रोज त्यातलं एक भांडं सोडून त्यात वरण करायचा. बाहेर पछवा. धूळ उडायची, किल्ल्याची भिंत दिवसभर पिवळट दिसायची, आणि सगळं शहर असं एका पायावर उभं.

मी तेव्हा किला गेटपाशी खोली घेऊन राहायचो. एकटा. एका पायावर उभं राहायला मला काही अडचण नव्हती. अडचण तांडेलमामांची होती.

शहराबाहेर तिघऱ्याच्या धरणावर एक नाव होती. जुन्या काळची, रियासतीच्या पाहुण्यांना पाण्यावर फिरवायला ठेवलेली, मोटारखान्याबरोबर तीही आमच्याच खात्यात आलेली. चार खाटा एकमेकींना जोडाव्यात एवढी. मधे डोलकाठी, एक शीड, मागे सुकाणू, आणि सुकाणूला धरायला लांब सागवानी दांडा. ती चालवायचे भिकाजी तांडेल. त्यांच्या वडलांना मालवणाकडून कोणी तरी आणलं होतं. मामाच सांगायचे, "कोकणातून आंब्याची कलमं आणली होती आणि माझा बाप आणला होता. कलमं जगली नाहीत."

मामांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. जन्म तिघऱ्याच्या भिंतीखालच्या दोन खोल्यांत, लग्न तिथेच, बापामागे नोकरी तीच. मी विचारलं, मामा, समुद्र कसा असतो? म्हणाले, "बाप सांगायचा, असाच असतो. फक्त पलीकडचं गाव दिसत नाही."

तो दांडा मला अजून दिसतो. धरायच्या जागी दोन पिढ्यांच्या तळव्यांनी घासून पितळेसारखा झालेला. मामा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. बसायचे, हात मागे जायचा, दांडा हातात यायचा. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळायची, उजवीकडे ढकलला की डावीकडे. मला हे कधी पटलंच नाही. मी मोटारवाला.

"मामा, हे उलटं का?"

"उलटं नाही रे. बैलगाडी पुढून ओढतात, नाव मागून हाकायची असते. शेपटी इकडे केली की तोंड तिकडे जातं. तुझंही तसंच आहे बघ, करायला जातोस एक, होतं एक."

तर त्या साली आमच्या खात्याला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. तरुण, हसरा, स्वतः मोटार चालवत यायचा, ड्रायव्हर मागच्या सीटवर अवघडून बसलेला. धरण बघायला आले, नाव दिसली, बसले. मामांच्या हातातला दांडा स्वतः घेतला. पुढे काय झालं ते मोटार चालवणारा कोणीही सांगेल. उजवीकडे जायचं म्हणून दांडा उजवीकडे केला, नाव डावीकडे गेली, घाबरून आणखी उजवीकडे केला, नाव भिंतीच्या दगडांना घासली. रंग गेला, इभ्रत गेली.

साहेब उतरले, रुमालानं हात पुसले. म्हणाले, "ये कैसी चीज है भाई? दुनिया सीधी चलती है, ये उल्टी चलती है।"

अण्णा बाजूला यादीची फाईल घेऊन उभेच. हळूच आम्हाला म्हणाले, "बिनकामाची ठरली तर नाव लिलावात. आणि नाव लिलावात गेली तर तांडेल सरप्लस." मग मामांकडे बघून, जरा नरम होऊन, "कामाची ठरली तर गोष्ट वेगळी."

मामा नावेचा खरवडलेला रंग बघत राहिले. नंतर घाटावर बसून मला एवढंच म्हणाले, "दत्तू, भोपाळला म्हणे मोठा तलाव आहे. तिकडे नेतील का मला?" मी अण्णांना विचारून आलो. अण्णा म्हणाले, "तिकडे त्यांचे स्वतःचे नावाडी असतील की." हे मी मामांना सांगितलं नाही. म्हटलं, बघू म्हणतायत.

दुसऱ्या खेपेला साहेब आले तेव्हा मी पुढे झालो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, हिला मोटारीचं चाक लावून देतो. डावीकडे फिरवलं की डावीकडे, उजवीकडे की उजवीकडे. पंधरा दिवसांत."

मी नावेला आयुष्यात हात लावला नव्हता. मला पोहता येत नाही. धरणात मगर आहे म्हणतात, पण मला तिची भीती नाही, ती येईपर्यंत मी बुडालेलो असणार. पण तोंड उघडलं आणि शब्द गेले. साहेब खूश. म्हणाले, "शाबाश. चाक लगाओ, तो नाव रख लेंगे।"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपलं घर पेटल्यावर पाण्याऐवजी ढोल घेऊन आलेल्या शेजाऱ्याकडे बघावं.

मोटारखान्याच्या भंगारात एक चाक होतं, एका जुन्या गाडीचं, मोठं, काळं, मधे फुटलेलं हॉर्नचं बटण. ते गळ्यात घालून मी सायकलवर निघालो. किला गेटाच्या नाक्यावर पानवाला ओरडला, "क्यों दत्तू, बाकी गाड़ी कहाँ छोड़ आए?" न्हावी म्हणाला, "बाकी गाड़ी इसी ने चलाई थी, इतनी ही बची।" मी हॉर्नचं बटण दाबून तोंडानं पों केलं आणि पुढे गेलो. तिघऱ्यापर्यंत वारा समोरून. मान एकीकडे, चाक एकीकडे.

काम सांगतो, सोपं होतं. नावेत मधे एक खांब ठोकला, खांबाला चाक. चाकाच्या मागे लाकडाचा ढोल, पोळपाटावरच्या लाटण्यासारखा पण जाड. त्यावर तारेचा दोर गुंडाळायचा, एक टोक डावीकडून, एक टोक उजवीकडून, कडेच्या कप्प्यांवरून मागे न्यायचं आणि सुकाणूच्या दांड्याला बांधायचं. चाक फिरलं की ढोल फिरणार, ढोल फिरला की एक दोर ओढला जाणार, एक सुटणार, दांडा हलणार. बस.

पण लांब दांडा चाकाच्या आड येत होता. मी म्हटलं, मामा, अर्धा कापावा लागेल. करवत मी हातात घेतली तर मामा म्हणाले, "दे इकडे." स्वतः कापला. पितळेसारखा झालेला भागच पुढचा होता, तोच पडला. सागाचा भुसा, जुन्या तेलाचा वास, वाऱ्यानं भुसा पाण्यावर नेला. मामांनी तो तुकडा उचलला, कमरेला खोचला आणि म्हणाले, "चल, पुढचं कर."

आता माझी अक्कल ऐका. मी विचार केला, चाक डावीकडे फिरवलं तर दांडा कुठे जायला पाहिजे? डावीकडेच ना! सरळ गोष्ट. तसे दोर बांधले. पण दांडा डावीकडे गेला की नाव उजवीकडे जाते हे मला मामांनी दहा वेळा सांगितलेलं. डोक्यात होतं, हातात उतरलं नाही. म्हणजे मी मोटारीचं चाक लावलं आणि चाल दांड्याचीच ठेवली.

मग कळलं कसं नाही? ते पुढेच आहे. तपासणीआधी नाव चालवून बघितली ती मामांनी. मामा चाकापाशी उभे राहिले, बसून चालवायची सवय, उभे राहायला लाजत होते. पछवा भरात होता. शीड फुगलं, नाव तिरपी झाली, मी तळाला बसून दोन्ही हातांनी कड धरून रामरक्षा, जेवढी येते तेवढी. नाव वळली, परत वळली, धरणाच्या भिंतीला समांतर अशी गेली की जशी सुई कापडातून जाते. पलीकडे दोन सारस उभे होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

मामा हसत होते. "दत्तू, हाताला विचारावंच लागत नाही रे. काल दांडा, आज चाक, हाताला फरकच नाही!"

फरक असायला पाहिजे होता, हे मला कळायला हवं होतं. मामांचा हात उलटा, माझं चाक उलटं, दोन उलटी मिळून एक सुलट झालं होतं. मी मात्र काठावर उतरलो तो छाती काढून. त्या संध्याकाळी नाक्यावर चार जणांना चहा पाजला. मला वाटलं, मामांची जागा वाचली, आणि ती मी वाचवली. त्या रात्री काय झोप लागली! तशी झोप पुन्हा लागली नाही.

तपासणीला साहेब पांढरी हॅट घालून आले. चाक बघितलं, हसले, हॉर्नचं बटण दाबून बघितलं. नाव पाण्यात मधोमध गेली आणि साहेबांनी चाक उजवीकडे फिरवलं.

नाव डावीकडे गेली.

साहेब म्हणाले, "अरे?" आणि आणखी फिरवलं. नाव आणखी डावीकडे. वारा शिडाच्या पाठीमागून आला, शिडाचं आडवं लाकूड गरकन इकडचं तिकडे गेलं, साहेब वाकले म्हणून डोकं राहिलं, हॅट गेली. पुढे कडेच्या उथळ पाण्यात शिंगाड्याची वेल पसरलेली. नाव त्यात घुसली आणि चिखलात रुतून बसली. एक बाई कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे तोडत होती. तिनं टोपली डोक्यावर धरली आणि ओरडली, "काए, आँखें नईं हैं का? सड़क समझ के घुसे चले आ रहे!"

 मामांनी पाण्यात उडी मारली, साहेबांना पाठीवर घेऊन काठावर सोडलं. मी नावेतच. कमरेएवढं पाणी होतं, पण मी म्हणालो, मी दोर बघतो. मग मामा परत आले, नाव ढकलून सोडवली, चाक धरलं आणि एकटे, भर वाऱ्यात, ती काठावर अशी लावली की पाटावर पान मांडावं.

साहेब ओल्या बुटांनी बघतच राहिले. "इससे कैसे चल जाती है?"

अण्णांनी खाकरून घेतलं. म्हणाले, "सर, असं दिसतं की नाव याच्याशिवाय चालत नाही." आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. दरबारी माणूस. त्यांना चाकातलं कळत नव्हतं, पण कुठे काय लिहिलं की माणूस वाचतो हे कळत होतं. साहेब जाताना मला म्हणाले, "इसको ठीक करो। अगले हफ्ते फिर देखूँगा।"

चूक काय ते मला तिथेच, पाणी उडून ओल्या झालेल्या धोतरात उभ्या उभ्या कळलं. मामांनाही कळलं. ते शिंगाडे सोलत बसले होते, त्या बाईनं शिव्यांबरोबर ओंजळभर दिले होते. हिरवट कोवळे, आत दूध. एक मला दिला.

"दत्तू, राहू दे असंच."

"म्हणजे?"

"दोर बदलू नको. साहेबाला सांग, नावेची जातच अशी, माणूस लागतो म्हण. अण्णांनी लिहिलंय तसं."

"मामा, लोक हसतील. दत्तूनं उलटं चाक लावलं म्हणतील."

"हसू दे की. तुला काय, सवय आहे."

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. एकदाच सांगितलं.

मुलगा आता मला गाडीतून सिटी सेंटरला नेतो, बँकेत, डॉक्टरकडे. मी शेजारी बसतो. तो डावीकडे वळतो आणि माझे हात मांडीवर आपोआप उजवीकडे जातात. "बाबा, काय करता?" म्हणतो. मी म्हणतो, काही नाही रे, हात आखडलेत. त्याला काय सांगणार. मोठमोठ्या काचेच्या इमारती, नवनवे रस्ते, गाडी अगदी चाक नेईल तिकडे जाते. इतकी सरळ गोष्ट, आणि मला तिच्यात दोन मिनिटं शांत बसवत नाही.

तो आठवडा तर विचारूच नका. नाक्यावर गेलो की पानवाला पान द्यायला डावा हात पुढे करायचा आणि पान उजव्यानं द्यायचा. न्हावी खुर्ची उलटी ठेवायचा, म्हणायचा, "बैठो मिस्त्री, तुम्हारे हिसाब से सीधी है।" मी सगळ्यांच्या आधी हसायचो. हसणं माझं दुकानच आहे. पण घरी आलो की खोलीभर चालायचो. पाच पावलं, भिंत, पाच पावलं, भिंत. माझ्या हातचं उलटं काम तिकडे पाण्यावर डोलून राहिलंय आणि ते अर्ध्या तासात सुलट होतं, हे डोक्यातून जाईना. भाकरी करपायची. पाना हातात घ्यायचो, ठेवायचो. मामांची नोकरी एकीकडे, माझी मिस्त्रीगिरी एकीकडे. सांगायला तराजूचं उदाहरण चांगलं आहे, पण खरं सांगतो, मी तोललंच नाही. नुसतं खाजेल तिकडे खाजवतात ना, तसं झालं.

चौथ्या दिवशी सायकल काढली. मामा दळण आणायला गावात गेलेले. मामींनी ताक दिलं, म्हणाल्या, "बसा, येतीलच." मी म्हटलं, जरा नाव बघतो. ढोलावरचा दोर उलगडला, वरून आणलेला होता तो खालून आणला, टोकं बांधली. अर्धा तासही नाही लागला. चाक फिरवून बघितलं. डावीकडे फिरवलं, दांडा उजवीकडे आणि सुकाणू डावीकडे गेलं. काय बरं वाटलं! म्हणून सांगतो, त्या घडीला मला मामा आठवलेही नाहीत. मग ताकाचा पेला परत द्यायला गेलो तेव्हा आठवले, आणि मी पेला ओट्यावर ठेवून मामींना न सांगता निघालो.

साहेब आले. चाक उजवीकडे, नाव उजवीकडे. डावीकडे, डावीकडे. सडकेवर चालवावी तशी चालवली. टाळी वाजवली, माझी पाठ थोपटली. मग म्हणाले, "अब तांडेल, तुम लाओ।"

मामा चाकापाशी गेले. त्यांना मी सांगितलं नव्हतं. पण साहेबांना चालवताना त्यांनी बघितलं होतं, सगळं कळलं होतं. कळून काय होतं? वारा आला, हातांनी जे जन्मभर केलं तेच केलं. नाव दुसरीकडे. मामांनी सावरलं, हात पुन्हा तिकडेच. नाव भिंतीच्या त्याच दगडांना जाऊन घासली, जिथे पहिल्या दिवशी साहेबांनी घासली होती. मामांनी चाक सोडलं. दोन्ही तळवे वर करून बघितले, कोणाचे आहेत असं. माझ्याकडे नाही बघितलं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब चांगल्या आवाजातच म्हणाले, "बूढ़े हो गए हैं।"

दिवाळीच्या सुमारास यादी आली. नाव राहिली. तांडेलाची जागा नाही राहिली. नाव आता मोटारीसारखी चालते, सबब मोटारखान्याच्या मिस्त्रीनं ती सांभाळावी. अण्णांनी वाचून दाखवलं, चश्मा काढला आणि म्हणाले, "अभिनंदन, दत्तोबा." एवढीच शिवी त्यांनी मला आयुष्यात दिली.

म्हणजे मला पोहता येत नाही आणि मी तांडेल झालो. कमरेला दोन रिकामे डबे बांधून नाव चालवायचो. शीड कधी उघडायचं, कधी मिटायचं कळायचं नाही. चाक अगदी सुलट, पण वाऱ्याला चाक कुठे असतं? एक हिवाळा काढला. उन्हाळ्यात पाणी उतरलं, नाव चिखलात आडवी झाली, आणि पुढल्या खेपेला ती लिलावात गेलीच. मी पुन्हा मोटारखान्यात. साहेब बदलून गेले होते.

मामांनी क्वार्टर सोडली आणि बहिणीकडे आले. बहीण कुठे? किला गेटच्या मागच्या गल्लीत. माझ्या खोलीपासून हाक ऐकू येईल एवढ्यावर. मग मी घरी जायचो तो बाजारातून, मोठा वळसा घालून. दोन वर्षं. चपला झिजल्या, चांभारानं विचारलं, "बदली झाली का?" त्या दोन वर्षांत मनात एक वाक्य तयार केलं. सायकलवर म्हणायचो, गाडीखाली झोपून पाना फिरवताना म्हणायचो.

आणि पुन्हा दसरा गेला, पुन्हा पछवा सुटला. एका सकाळी सोन्याची चार पानं खिशात घालून गेलोच. सोनं द्यायचे दिवस उलटून गेले होते, पानं वाळून कागद झालेली.

मामा अंगणात होते. तीन दगडांच्या चुलीवर घमेल्यात शिंगाडे उकळत होते. आता तेच उकडून, टोपलीत घालून, गेटापाशी विकायला बसायचे म्हणे. ढवळत होते कशानं, तर त्या दांड्याच्या तुकड्यानं. पितळेचा रंग गेला होता, शिंगाड्याच्या सालांनी काळा झाला होता. मी बसलो त्यांच्यासमोर. त्यांनी वर बघितलं. पानं दिली, ती त्यांनी कपाळाला लावली, खिशात ठेवली.

मी म्हटलं, "मामा, मी तुमच्यामागे दोर बदलले. तुम्ही नको म्हटलं होतं. माझ्यामुळे तुमची जागा गेली, घर गेलं, पाणी गेलं. सगळं माझ्यामुळे."

म्हणून झालं. दोन वर्षांचं वाक्य, केवढंसं निघालं. आता मारतील, रडतील, नाहीतर जाऊ दे रे म्हणतील, तिन्हीची तयारी करून आलो होतो.

मामांनी घमेल्यात एक वेढा दिला. धुरानं डोळे बारीक केले आणि मला नीट बघितलं.

"तुझ्यामुळे?" म्हणाले. "रियासत गेली, मध्यभारत गेला, राजधानी उठून भोपाळला गेली. तेही तुझ्याच दोरानं ओढून नेलं का रे? एवढा मोठा तू कधी झालास, दत्तू? सरक तिकडे, चुलीचा वारा अडवतोयस."